क्युलोते: एक शब्द, चार वाटा आणि इंग्रजीचा वळसा

तुमची मुलगी अकरावीला फ्रेंच घेऊन शिकते आहे. तिच्या उताऱ्यात ‘एल ए क्युलोते, ता स्यॉर’ असं वाक्य आलं. ‘तुझी बहीण’ एवढं कळलं, पण क्युलोते शोधायला गेल्यावर फ्रेंच-इंग्रजी कोशात चीकी, गट्सी, सीझन्ड असे तीन तऱ्हेचे अर्थ निघाले, आणि शेजारच्याच नोंदीत क्युलोत म्हणजे बायकांची चड्डी. यातला कुठला अर्थ घ्यायचा आणि बहिणीच्या स्वभावाचा चड्डीशी काय संबंध, असं तुम्ही विचारलं आहे.

त्या वाक्याचं उत्तर आधी देते. ‘तुझी बहीण भलतीच धीट आहे हं!’ हा ‘हं’ मी मुद्दाम ठेवला आहे. वाक्य कौतुकाचं आहे की कानउघाडणीचं, हे फ्रेंच शब्द स्वतः सांगत नाही. ते बोलणाऱ्याच्या सुरावर ठरतं. कोशातल्या इंग्रजी अर्थांनी तुम्हाला गोंधळात टाकलं ते इथेच, कारण इंग्रजीला आधीच ठरवावं लागतं की शाबासकी द्यायची की कान पिळायचा.

मी वीस-बावीस वर्षं फ्रेंच शिकवते आणि भाषांतरं करते. आपल्याकडची मुलं फ्रेंचकडे जवळजवळ नेहमी इंग्रजीच्या पुलावरून जातात. हाताशी कोश असतो तोही फ्रेंच-इंग्रजी. बऱ्याच शब्दांना त्याने काही बिघडत नाही. क्युलोतेसारख्या शब्दाचं मात्र त्या पुलावर बरंच काही सांडतं, म्हणून जरा लांबून सुरुवात करते.

उच्चारापासून. ‘क्यु’ मी देवनागरीच्या नाइलाजाने लिहिते आहे. ओठ ‘ऊ’ म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं, म्हणजे तो स्वर निघतो. शेवटच्या ईवर तिरकी रेघ असली की ‘क्युलोते’, नसली की नुसतं ‘क्युलोत’. एवढ्याशा रेघेने कपड्याचं विशेषण होतं. स्त्रीविषयी लिहिताना शेवटी आणखी एक ई लागतो, उच्चार तोच राहतो. परीक्षेत नेमका हाच ई मुलं विसरतात.

सगळ्याचं मूळ आहे ‘क्यु’, म्हणजे बूड. मराठीत बूड माणसालाही असतं आणि भांड्यालाही, तसंच फ्रेंचमध्ये. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला कल-द-सॅक हा शब्द मुळात ‘पिशवीचं बूड’ आहे. पिशवीत हात घातला की पुढे वाट नाही, तसा बंद बोळ. एकटा ‘क्यु’ आजच्या फ्रेंचमध्ये चारचौघांत उच्चारण्याजोगा राहिलेला नाही, पण त्याची पोरंबाळं सभ्य घरांतून सर्रास वावरतात. त्यातली दोन इथे कामाची: क्युलोत आणि क्युलो.

क्युलोत हा बुडाला झाकणारा कपडा. आज दुकानात क्युलोत मागितलीत तर बायकांची चड्डी पुढे येईल, पण कित्येक शतकं तो पुरुषांचा आणि मानाचा पोशाख होता. गुडघ्याशी बांधलेला तंग चोळणा आणि खाली रेशमी मोजे, हा सरदार-दरबाऱ्यांचा थाट. पॅरिसचे सुतार, चांभार, छोटे दुकानदार, हमाल लांब पायांची विजार घालत, तिचं नाव पांतालाँ. हाताने काम करणाऱ्याला रेशमी मोजे काय उपयोगाचे? 1789 नंतरच्या क्रांतीत या लोकांना ‘सां-क्युलोत’ म्हणजे ‘बिनचोळण्याचे’ हे नाव पडलं. टवाळीचं ते नाव त्यांनीच उचललं आणि अभिमानाने मिरवलं. 1793 मध्ये क्रांतिकारकांनी नवं कॅलेंडर काढलं, तीस-तीस दिवसांचे बारा महिने. वर्षाअखेर उरणाऱ्या पाच दिवसांना, आणि लीप वर्षी सहा, त्यांनी नाव दिलं ‘सां-क्युलोतीद’. दोनच वर्षांत ते नाव बदललं, पण एका चोळण्याच्या नसण्यावरून सणाचे दिवस ओळखले गेले, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. मराठीत कुणी सां-क्युलोतचं भाषांतर ‘चड्डीविना’ असं केलेलं दिसलं की मला वाईट वाटतं. ते उघडे नव्हते, त्यांच्या अंगावर लांब विजार होती. आपल्याकडे ‘चोळणा’ हा नेमका त्याच जातीच्या कपड्याचा शब्द असताना चड्डीपर्यंत जायचं कारणच नाही.

आता बायकांकडे वळते, कारण कपडा आणि धीटपणा यांची गाठ तिथे फार घट्ट आहे. 7 नोव्हेंबर 1800 रोजी पॅरिसच्या पोलिसांनी फर्मान काढलं की पुरुषी वेश करायचा असेल तर बाईने आधी परवानगी घ्यावी, आणि तीही प्रकृतीच्या कारणाने. रोझा बोनर ही मोठी चित्रकार घोड्यांच्या बाजारात आणि खाटीकखान्यात जाऊन जनावरांची रेखाटनं करायची. लांब झग्यात ते होणार कसं? तिने असा परवाना काढला होता, तो मुदतीचा असे आणि पुन्हा घ्यावा लागे. पुढे 1892 आणि 1909 च्या परिपत्रकांनी सूट दिली: बाईच्या हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर विजार चालेल. ते फर्मान रद्दबातल असल्याचं सरकारने स्पष्ट केलं ते थेट 31 जानेवारी 2013 ला. कुणी पाळत नव्हतं हे खरं, तरी कागदावर ते दोनशे वर्षांहून जास्त राहिलं.

हे वाचताना मला आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका आठवतात. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. नऊवारीचा कासोटा खोचलेला असणं ही मर्यादा, आणि पाचवारी गोल नेसणं हा आगाऊपणा. सकच्छ की विकच्छ यावरून घराघरांत वाद झाले. तिकडे दोन पायांत विभागलेलं वस्त्र नेसलं म्हणून बाई धीट ठरली, इकडे ते सोडलं म्हणून.

फ्रेंचमध्ये ‘पोर्ते ला क्युलोत’, म्हणजे चोळणा घालणे, असा वाक्प्रचार आहे. घरात तिचं चालतं, कारभार तिच्या हातात आहे, असा त्याचा अर्थ. इंग्रजीतही हुबेहूब हाच वाक्प्रचार आहे, तिथे ट्राउझर्स किंवा अमेरिकेत पँट्स घालतात. त्यामुळे क्युलोते म्हणजे ‘जिने चोळणा घातला आहे ती’, म्हणून धीट, असं कुणालाही वाटेल. विद्यार्थी मला तसं सांगतात तेव्हा त्यांचं तर्कशास्त्र मला आवडतं, पण शब्दाची खरी वाट ती नाही.

धीट या अर्थाचा क्युलोते आला आहे दुसऱ्या पोराकडून, क्युलोकडून. क्युलो म्हणजे बुडाशी असलेलं, बुडाशी राहिलेलं काहीही. धातू वितळवला की मुशीच्या तळाशी साचतो तो गोळा म्हणजे क्युलो. विजेच्या दिव्याचा होल्डरमध्ये बसणारा धातूचा भाग म्हणजे क्युलो. घरट्यात सगळ्यांत शेवटी अंड्यातून निघालेलं पिल्लू क्युलो, आणि त्यावरून घरातलं धाकटं मूलही. आपण त्याला शेंडेफळ म्हणतो. त्याच लेकराला मराठीने शेंड्यावर बसवलं आणि फ्रेंचने बुडाशी, हे शिकवताना मला दर वर्षी नव्याने आनंद होतो. प्रयोगशाळेत नळी गरगर फिरवल्यावर तळाशी बसतो तो गाळही क्युलो. दवाखान्यातला ‘क्युलो ग्लोब्युलेर’ म्हणजे तांबड्या पेशींची पिशवी, आपले डॉक्टर ज्याला पॅक्ड सेल्स म्हणतात ती. ‘रुग्णाला दोन क्युलो दिले’ हे वाक्य मी एका विद्यार्थ्याच्या वहीत ‘रुग्णाला दोनदा धीर दिला’ असं भाषांतरित झालेलं पाहिलं आहे. वैद्यकीय कागदपत्रं करायची असतील तर हा शब्द वहीत लाल शाईने लिहून ठेवा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोलीभाषेत क्युलोला आणखी एक अर्थ चिकटला: बेधडकपणा, निर्लज्ज धिटाई. वर्गात मी हे असं समजावते. ज्याचं बूड जड, ते भांडं धक्का लागला तरी कलंडत नाही. आपण ज्याला बिनबुडाचा लोटा म्हणतो त्याच्या बरोबर उलट. समोरचा काहीही म्हणो, हा माणूस जागचा हलत नाही, नजर खाली करत नाही. ‘आव्वार द्यु क्युलो’ म्हणजे अंगात ही धिटाई असणे, आणि ती ज्याच्यात आहे तो क्युलोते. ‘केल क्युलो!’ हा उद्गार फ्रेंच घरांत, रांगेत, बसमध्ये दिवसातून चारदा ऐकू येतो. कुणी रांग मोडून पुढे घुसलं आणि वर तुमच्यावरच डाफरलं, की ‘केल क्युलो!’ आपल्या तोंडून अशा वेळी ‘चोर तो चोर, वर शिरजोर’ निघतं किंवा ‘वर तोंड करून विचारतोय बघा’.

‘ई आले ओ क्युलो’ हा त्याच घरातला दुसरा वाक्प्रचार. हातात काही नसताना केवळ आवेशाच्या जोरावर बाजी मारायला जाणं. निमंत्रण नसताना लग्नाच्या पंगतीत ऐटीत जाऊन बसणारा माणूस ‘ओ क्युलो’ गेलेला असतो.

मग कोशातला सीझन्ड कुठून आला? तोही क्युलोवरूनच, पण वेगळ्या फांदीवरून. तंबाखूचा पाइप ओढत राहिलं की आत काजळीचा थर धरतो, तो क्युलो. असा थर धरू देणं म्हणजे पाइप ‘क्युलोते’ करणं, आणि थर धरलेला पाइप क्युलोते. पुढे हे मातीच्या चहादाणीला आणि लोखंडी तव्यालाही लागलं. नवा बिडाचा तवा आपण तेल लावून, तापवून, कांदा फिरवून, पुन्हा तेल लावून वापरात आणतो. काही महिन्यांत त्यावर काळी तुकतुकीत पुटं चढतात आणि घावन न चिकटता सुटतं. फ्रेंच माणूस त्या तव्याला क्युलोते म्हणेल. मराठीत ‘मुरलेला’ म्हणावं. इथे इंग्रजीने एक फसवा रस्ता काढून ठेवला आहे. इंग्रजीत सीझन्ड तवा असतो तसा सीझन्ड राजकारणीही असतो, आणि आपलं ‘मुरलेला’ही दोन्हीकडे चालतं. फ्रेंचमध्ये तसं चालत नाही. क्युलोते तवा म्हणजे मुरलेला तवा, पण क्युलोते पुढारी म्हणजे मुरलेला पुढारी नव्हे. तो धिटुकला, बेधडक किंवा निलाजरा पुढारी. मुरलेला माणूस जपून बोलतो, क्युलोते माणूस बोलून मोकळा होतो.

एवढं झाल्यावर इंग्रजी अर्थांकडे येते, आणि त्यासाठी माझ्या सुरुवातीच्या काळातली एक चूक सांगते. चाकणच्या बाजूला सुटे भाग बनवणाऱ्या एका मराठी उद्योजकाकडे फ्रेंच खरेदीदार आले होते. मी दुभाषी. बोलणी इंग्रजी-फ्रेंच अशी चालली होती. उद्योजकांनी प्रस्ताव ठेवला: पहिला लॉट आम्ही फुकट देतो, पण तुमच्या चाचणीत तो उतरला तर तीन वर्षांची ऑर्डर आम्हालाच, आणि ते आजच लिहून द्यायचं. पाहुण्यांतले ज्येष्ठ गृहस्थ खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, ‘से क्युलोते.’ मी क्षणात इंग्रजी केलं, ‘ही सेज इट्स चीकी.’ मालकांचा चेहरा उतरला. त्यांच्या कानांनी ‘हा आगाऊपणा झाला’ असं ऐकलं होतं. तीन वर्षांची दोन केली, मग ‘आज लिहून नको’ असंही म्हणाले. चहाच्या वेळी त्या ज्येष्ठांनी मला बाजूला घेऊन विचारलं की हे मागे का सरले, मला तर त्यांची धडाडी आवडली होती. मी दोघांचीही माफी मागितली आणि शब्द उलगडून सांगितला. बोलणी पुन्हा मूळ मुद्द्यावर आली. त्यांचा सूर मी ऐकला होता, डोळ्यांतली चमकही पाहिली होती, आणि तरी तोंडात कोशातला पहिला शब्द आला. त्या दिवसापासून मी क्युलोतेचा अर्थ कोशात शोधत नाही, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर शोधते.

इंग्रजी शब्द नीट ऐकले तर प्रत्येकाचं वजन वेगळं आहे. चीकी हलका, ब्रिटिश, लहान मुलाला किंवा लाडक्या पुतण्याला शोभणारा. गाल फुगवून उत्तर देणाऱ्या पोराचं चित्र त्यात आहे. गट्सी कौतुकाचा, त्यात आतड्यांतली हिंमत. गॉल म्हणजे पित्त, तो शब्द आला की बोलणारा खरोखर चिडला आहे. नर्व्हचं वजन या दोन टोकांच्या मधलं. पण त्याच्यापासून झालेल्या नर्व्हीपासून सावध राहा: अमेरिकेत त्याचा अर्थ आगाऊ आणि ब्रिटनमध्ये घाबरट, बिथरलेला. आपली मुलं जुने ब्रिटिश कोश आणि अमेरिकी मालिका एकाच वेळी घोटतात, तेव्हा तो शब्द उत्तरपत्रिकेत न वापरलेलाच बरा. ऑडेशस पुस्तकी, चित्रपटाच्या परीक्षणात किंवा ‘धाडसी पैज’ अशा जागी बसतो. फ्रेंच वृत्तपत्रं ‘अँ पारी क्युलोते’ लिहितात तिथे तो चपखल.

आणि ब्रेझन. या शब्दाला एक चांगला दाखला आहे. पेनेलोप बाजिओ या फ्रेंच चित्रकथाकार बाईंनी 2016 आणि 2017 मध्ये दोन खंडांत मनाला येईल तसं जगलेल्या बायकांची चरित्रं काढली. त्यांत आपली फूलनदेवीही आहे. नाव दिलं ‘क्युलोते’, स्त्रीलिंगी अनेकवचनी. फ्रेंच वाचकाला त्यात धीट बाया दिसतात आणि त्याच वेळी चोळणा घातलेल्याही. मघा म्हटलं की व्युत्पत्तीच्या दृष्टीने या दोन वाटा वेगळ्या आहेत. पण बोलणाऱ्यांच्या मनात त्या केव्हाच एकत्र आल्या आहेत, आणि या नावाची सगळी गंमत त्या एकत्र येण्यात आहे. 2018 मध्ये इंग्रजी आवृत्ती निघाली ती ब्रेझन या नावाने. तो मुळात पितळेचा शब्द, पितळी चेहऱ्याचा, ज्यावर लाज उमटत नाही असा. धिटाई आली, तिच्यातली थोडी निर्लज्जताही आली, कपडा मात्र गेला. निवड उत्तम आहे असंच मी म्हणेन, इंग्रजीत याहून जवळ जाता आलं नसतं.

मराठीत जाता येतं का? माझं मत ठाम आहे: येतं, आणि इंग्रजीला वळसा न घालता येतं. कपडा आणि धीटपणा यांचं नातं आपल्या भाषेत रक्तातच आहे. भ्यालेल्याचं धोतर सुटतं. कामाला भिडणारा बाह्या सरसावतो, कंबर कसतो. पूर्ण लाज सोडलेल्याने कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलेलं असतं. आणि हल्लीची पोरं मर्यादा ओलांडणाऱ्याला ‘चड्डीत राहा’ असा दम देतात. इथे फ्रेंच आणि मराठी समोरासमोर उभ्या राहतात. फ्रेंच कानाला चड्डी चढवलेला माणूस धीट भासतो, मराठीत मात्र चड्डीत राहिलेला माणूस मर्यादेत असतो आणि धीट होण्यासाठी तिच्यातून बाहेर यावं लागतं. म्हणून क्युलोतेसाठी मराठीत चड्डी आणली तर अर्थ उलटा होतो.

बाजिओ यांच्या नावासाठी मी वर्गात ‘पदर खोचलेल्या’ असं सुचवते. त्यात वस्त्र आहे, बाई आहे, आणि ती आता कुणाचं ऐकणार नाही हेही आहे. त्यातला खट्याळपणा निसटतो, ते मान्य. एका विद्यार्थिनीने ‘बिनधास्त’ सुचवलं होतं. त्यात कपडा नाही, पण स्तुती आणि तक्रार दोन्ही मावतात, आणि हा गुण मोठा आहे. ‘ती बिनधास्त आहे’ हे वाक्य मैत्रीण म्हणाली तर कौतुक, सासू म्हणाली तर तक्रार. ‘काय डेअरिंग आहे!’ हेही तसंच दोन्हीकडे झुकतं. मूळ शब्द इंग्रजी असला तरी मराठीने त्याला जो सूर दिला तो क्युलोच्या फार जवळचा आहे, इंग्रजीतल्या डेअरिंगपेक्षाही जवळचा. उलट आगाऊ, उद्धट, निर्ढावलेला हे शब्द एकाच बाजूला पडतात, आणि शूर, धैर्यवान दुसऱ्या बाजूला. रणांगणावरच्या शिपायाला फ्रेंच माणूस क्युलोते म्हणणार नाही. त्या शब्दात नेहमी कुणाची तरी रीत, कुणाचा तरी मान थोडासा मोडलेला असतो.

याच कुळातले आणखी दोन शब्द मुलीला उताऱ्यात भेटतील, तेवढे सांगते. ‘देक्युलोते’ नाम म्हणून आलं तर दणदणीत पराभव, खेळाच्या बातम्यांत हमखास. अक्षरशः चड्डी उतरवली जाणं. आणि दुकानांत आपल्याकडे क्युलॉट्स म्हणून ज्या रुंद पायांच्या आखूड पँटी मिळतात, त्यांना फ्रेंचमध्ये ‘झ्युप-क्युलोत’ म्हणतात, घागरा-चोळणा म्हणा हवं तर. पॅरिसच्या दुकानात नुसतं क्युलोत मागू नये.

तिच्या उत्तरपत्रिकेसाठी: मागच्या-पुढच्या ओळी बघायला सांगा. बहिणीने परवानगी न विचारता भावाची सायकल नेली आणि वर ‘हवा भरून ठेव’ असं सांगितलं, असं काही असेल, तर इंग्रजीत ‘युअर सिस्टर हॅज सम नर्व्ह’ लिहावं आणि मराठीत ‘तुझी बहीण फारच आगाऊ दिसते’. बहिणीने मुख्याध्यापकांना सगळ्यांसमोर अवघड प्रश्न विचारला असेल, तर ‘युअर सिस्टर हॅज गट्स’ आणि ‘तुझ्या बहिणीचं डेअरिंग मानलं पाहिजे’. उताऱ्यात काहीच खूण नसेल तर ‘युअर सिस्टर इज क्वाइट बोल्ड’ लिहून पुढे जावं, बोल्ड दोन्हीकडे वाकतो. आणि मूळ वाक्य उतरवताना स्त्रीलिंगाचा तो शेवटचा ई विसरू नये.